बाई, तो कॉम्प्युटर माळ्यावरच राहू द्या

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सगळी नोकरी भोर तालुक्यात झाली. १९९६पासून ज्या गावी बदली होईल तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत गेले. आधी वहीत, मग कॅसेटवर, पुढे छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर. पुतण्याने सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, बऱ्याच ओव्या मी स्वतः श्रीलिपीत टाइप केल्या. २०१८ साली त्याने सगळ्याची मिळून एकच झिप फाइल केली आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली. परवा उघडायला गेलो तर फाइल अवैध आहे असा संदेश येतो. पुतण्याला पक्कं आठवतं की फाइल चाळीस जीबीची होती, आता सदतीस दिसते. एका दुकानदाराने खटपट करून दोन-चार वर्ड फाइली काढून दिल्या, पण त्यांत मराठी नाहीच, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. 'डेटा करप्ट झालाय, अठरा हजार लागतील, खात्री देत नाही,' असं तो म्हणाला. जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून आहे. तो फॉरमॅट करून नातीला देऊ, असं पुतण्या म्हणतो. ज्यांच्याकडून ओव्या घेतल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका आज नाहीत. काही परत मिळेल का?
— एक निवृत्त बाई, जि. पुणे

बाई, नमस्कार.

बाकीचं सावकाश वाचा, आधी पुतण्याला फोन करा. माळ्यावरचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा नाही. 'चालू होतो का' हे बघण्यापुरतासुद्धा चालू करायचा नाही.

तुम्ही सगळं दुःख त्या झिप फाइलीबद्दल लिहिलंत आणि जुन्या कॉम्प्युटरचा उल्लेख जाता जाता केलात. मला तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच वाटली. बॅकअप म्हणजे नक्कल. नक्कल फाटली तर ती चिकटवत बसण्याआधी अस्सल कुठे आहे ते शोधायचं. झिप करताना मूळ फाइली आपोआप पुसल्या जात नाहीत. पुतण्याने नंतर मुद्दाम काढून टाकल्या नसतील तर त्या माळ्यावरच्या डिस्कमध्ये जशाच्या तशा असतील. काढून टाकल्या असल्या तरी आशा सोडायची नाही. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल 'डिलीट' केली की फक्त तिची नोंद जाते. मजकूर जागेवर राहतो आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत टिकतो. कॉम्प्युटर चालू केला की विंडोज स्वतःच्या शेकडो बारीकसारीक नोंदी लिहायला लागतं आणि त्या नेमक्या कुठल्या जागेवर पडतील याचा भरवसा नसतो. म्हणून चालू करायचा नाही. (आत एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डिलीट झालेल्या जागा ती डिस्क स्वतःच रिकाम्या करून टाकते. पण न पुसलेल्या फाइली तिथेही शाबूत असतात.)

करायचं ते एवढंच. कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क बाहेर काढायची, साटा ते यूएसबी अशी जोडणीची केबल मिळते तिने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची आणि जे दिसेल ते सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. त्याच दिवशी घर धुंडाळा. त्या रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड कुठे आहे? कुणाला सीडी करून दिली होती का? एखाद्या दिवाळी अंकाला किंवा कुणा प्राध्यापकांना मेलने ओव्या पाठवल्या होत्या का? आणि कॅसेटी? कॅसेटी असतील तर त्याही अस्सल. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र टेपमध्ये घालू नका, कोरड्या जागी वेगळ्या ठेवा आणि जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या.

आता त्या 'करप्ट' वर्ड फाइलींबद्दल. त्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही टाइप केलंत श्रीलिपीत. माझा अंदाज असा की त्या फाइली अगदी धडधाकट आहेत.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, घरोघरी पोचण्याआधी मराठी टाइप करायला आपण जी साधनं वापरली, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम, त्यांनी एक तोड काढली होती. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठाऊक होते. मग त्या क्रमांकांच्या घरात देवनागरीचे आकार बसवले: एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चा अर्धा भाग, कुठल्या चिन्हाच्या जागी वेलांटी. फाइलीत साठतात ते इंग्रजीचे क्रमांक आणि सोबत फॉन्टचं नाव. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असला की मराठी दिसतं, नसला की कचरा दिसतो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसणार.

खात्री करणं सोपं आहे. वर्डमध्ये त्या कचऱ्याची एक ओळ निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते बघा. श्री-देव आणि पुढे आकडा असं काही असेल तर निःशंक व्हा. दुसरी परीक्षा तुम्हीच सगळ्यांत चांगली घेऊ शकाल. ओवीत 'बाई' हा शब्द किती वेळा येतो हे तुम्हाला सांगायला नको. फॉन्टच्या गोंधळात 'बाई'चा जो काही कचरा होतो तो दरवेळी हुबेहूब तोच असतो. ओळीओळीच्या त्याच जागी तोच पुंजका सापडला, तर खाली तुमची ओवी जिवंत आहे. खरोखर बिघडलेल्या फाइलीत अशी पुनरावृत्ती नसते. तिथे मजकूर मध्येच तुटतो आणि पुढे सगळं विस्कळीत होतं, किंवा फाइल उघडतच नाही.

श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं मिळतात. फॉन्टचं कुटुंब नेमकं निवडावं लागतं. रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या'सारखी जोडणी यांत चुका राहतात, म्हणून एकदा नजरेखालून घालावं लागेल. शिक्षकाचीच नजर आहे, शुद्धलेखन तपासायची सवय कामी येईल. मूळ फाइली मात्र फेकू नका. उद्या यापेक्षा चांगलं परिवर्तक हाती आलं तर पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागेल.

चाळीस आणि सदतीस यांतला फरकही कदाचित फरक नसेल. जीबी मोजायच्या दोन रीती आहेत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. चाळीस अब्ज बाइटची फाइल विंडोजमध्ये ३७.२५ जीबी दिसते. पुतण्याने तेव्हाचा आकडा दुसऱ्या कुठल्या यंत्रावर पाहिला असेल तर तीन जीबी कुठेही गेलेले नाहीत. फाइलीवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडली की आकाराच्या शेजारी कंसात बाइटचा पूर्ण आकडा असतो. तो कागदावर उतरवून ठेवा.

पण आकार पूर्ण भरला म्हणून आतला मालही पूर्ण आहे असं नाही. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की विंडोज आधी तेवढी जागा अडवून ठेवतं आणि मग भरत जातं. मध्येच वीज गेली किंवा केबल ओढली गेली तर आकार पूर्ण दिसतो आणि शेवटचा भाग रिकामा असतो. डिस्क काढताना 'सुरक्षित काढा' हे बटण दाबायला सांगतात ते यासाठीच. तुमच्या फाइलीचं असंच काही झालं असावं असं मला वाटतं, आणि तसं असेल तर ती बरी बातमी आहे.

ती का, हे सांगायला झिपची घडण सांगावी लागेल. १९८९ साली फिल कॅट्झ नावाच्या अमेरिकन माणसाने ही रीत आणली. झिपमधल्या प्रत्येक फाइलीच्या आधी एक चिठ्ठी असते आणि आजही त्या चिठ्ठीची सुरुवात त्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी, 'पी' आणि 'के'ने होते. चिठ्ठीत त्या फाइलीचं नाव आणि पुढच्या मालाची थोडी माहिती. अशा चिठ्ठ्या आणि माल एकामागून एक. आणि सगळ्यांची मिळून अनुक्रमणिका अगदी शेवटच्या पानावर. विंडोज झिप उघडतं ते शेवटून: आधी अनुक्रमणिका वाचतं, ती सापडली नाही की अख्खं पुस्तक अवैध ठरवतं. आतली पानं उघडून बघतसुद्धा नाही. शिवाय झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळलेली असते. एक बिघडली तर तिच्यातला बिघाडापुढचा भाग जातो, शेजारची मात्र सुखरूप राहते. पुतण्याने झिपऐवजी सेव्हन-झेड किंवा सलग बांधणीची रार या दुसऱ्या प्रकारची फाइल केली असती तर मला इतक्या धीराने लिहिता आलं नसतं. तिथे फाइली एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात.

हे सगळं करायचं ते मात्र प्रतीवर. बाहेरच्या हार्ड डिस्कवर यापुढे एकही अक्षर लिहायचं नाही. 'ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' किंवा 'तपासून दुरुस्त करू का' असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणायचं. यावर माझा आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राची डिस्क माझ्याकडे आली होती, त्याच्या नाटकमंडळीच्या तालमींची चित्रणं होती. मी सरळ त्या मूळ डिस्कवरच चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवलं. ते चोख काम करतं, पण ते काम डिस्कचा हिशेब जुळवण्याचं असतं, तुमच्या फाइली वाचवण्याचं नसतं. हिशेबात न बसलेले तुकडे त्याने 'फाउंड'च्या फोल्डरमध्ये निनावी करून टाकले, आणि काही चित्रणं पुन्हा कधीच जुळली नाहीत. त्यातली एक तालीम एका ज्येष्ठ नटाची शेवटची होती. त्या दिवसापासून मूळ डिस्कवर मी काहीही चालवत नाही.

डिस्क लावल्यावर टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, ती मध्येच दिसेनाशी होत असेल किंवा कधी खाली पडली असेल, तर लगेच काढून ठेवा. ते यंत्राचं दुखणं आहे आणि फक्त अशाच वेळी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पैसे घालायला मी सांगेन. तेव्हाही निघालेल्या फाइलींची यादी दाखवल्यावरच पैसे देईन, असं आधी ठरवून घ्या. डिस्क शांतपणे चालत असेल तर पुतण्याला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन चालवून बघायला सांगा. 'गुड' आलं तर डिस्क बरी आहे. 'कॉशन' आलं तर साधी कॉपी-पेस्ट करत बसू नका. अडलेल्या जागी विंडोज पुन्हा पुन्हा डोकं आपटतं आणि आजारी डिस्क आणखी खचते. तिथे लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागांकडे नंतर वळतं आणि काय झालं, काय राहिलं याचा नकाशा ठेवतं, त्यामुळे काम मध्ये थांबवून पुढे नेता येतं. पुतण्याला हे जमणार नसेल तर एखादा इंजिनीअरिंगचा मुलगा गाठा, त्याला तासाभरात समजेल.

प्रत झाली की तिच्यातल्या झिपवर विनरार या झिप उघडणाऱ्या साधनातलं 'रिपेअर' चालवा. ते चिठ्ठ्या वाचत जातं, नवी अनुक्रमणिका बांधतं आणि 'रीबिल्ट' नावाने वेगळी फाइल देतं. त्यातून फाइली बाहेर काढताना 'कीप ब्रोकन फाइल्स' या चौकटीत खूण करायला विसरू नका. नाहीतर अर्धवट निघालेली फाइल ते स्वतःच टाकून देतं, आणि तुमच्या कामात अर्धी ओवीसुद्धा टाकायची नाही.

ध्वनीच्या अर्धवट फाइलींना घाबरू नका. एमपीथ्री म्हणजे छोट्या छोट्या स्वतंत्र तुकड्यांची माळ. मधले तुकडे खराब झाले तर तेवढ्यापुरतं खरखरतं आणि पुढचं वाजत राहतं. वेव्ह फाइल असेल तर बहुधा सुरुवातीचे ४४ बाइट ओळखपत्राचे आणि पुढे निखळ आवाज. ओळखपत्र बिघडलं की प्लेयर ती फाइल नाकारतो. अशी फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या साधनात 'रॉ डेटा' म्हणून आत घ्यायची, १६ बिट आणि ४४१०० हा वेग देऊन. आवाज चिरका किंवा जड आला तर वेग बदलून पुन्हा घ्यायची. यात मूळ फाइलीला धक्का लागत नाही, कितीही वेळा करून बघा.

वर्डची फाइल खरंच उघडत नसेल तर उघडण्याच्या बटणाशेजारच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' आहे. नव्या डॉक्स प्रकारची फाइल आतून स्वतःच एक झिप असते, तेव्हा तीही वरच्याच उपायाने काही वेळा निघते.

एवढं करूनही कमी पडलं तर डिस्कच्या प्रतीवर फोटोरेक चालवा. नावात फोटो असला तरी ते वर्डच्या आणि ध्वनीच्या फाइलीही शोधतं. डिस्कचा हिशेब बाजूला ठेवून ते थेट मजकुराच्या ओळखखुणा हुडकतं. झिप करण्याआधी पुतण्याने सुटे फोल्डर त्या डिस्कवर ठेवून मग पुसले असतील तर तेही हाती लागू शकतात. निघालेलं सगळं तिसऱ्या डिस्कवर साठवायचं, त्याच डिस्कवर नाही.

त्या अठरा हजारांना सध्या हात लावू नका. त्यातले थोडे खर्चून दोन नव्या हार्ड डिस्क घ्या.

'मी इतकी वर्षं ती फाइल एकदाही उघडून पाहिली नाही' ही बोच तुमच्या मनात असणार, पत्रात लिहिली नसलीत तरी. गिटलॅब ही मोठी तंत्रज्ञान कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. मग कळलं की रोजचे बॅकअप रिकामेच पडत होते, कारण ते घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता. बॅकअप फसल्याचं कळवणारे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. हे त्या कंपनीनेच जाहीरपणे लिहिलं. रात्रंदिवस हेच काम करणाऱ्यांचं असं झालं, तिथे तुम्ही स्वतःला दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सगळं निघाल्यावर पुन्हा एकच मोठी झिप करू नका. ध्वनीच्या फाइली आधीच आवळलेल्या असतील तर झिपने जागा फारशी वाचतही नाही. गावागावाचे सुटे फोल्डर ठेवा, दोन डिस्कांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी मुलीकडे किंवा बहिणीकडे. वर्षातून एकदा, संक्रांतीला म्हणा, दोन्ही लावून पाच-दहा फाइली प्रत्यक्ष ऐका. तिसरी प्रत एखाद्या संस्थेत असावी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या संग्रहातल्या लाखभर ओव्या आता 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर येत आहेत. तुमच्या भोर तालुक्याच्या संग्रहाबद्दल 'पारी'ला जरूर लिहा.

आता क्रम. आधी माळ्यावरची डिस्क, मग कार्ड आणि कॅसेटी, मग झिप. झिपमधूनही आधी आवाज, कारण टाइप केलेल्या ओव्यांपैकी काही तरी तुमच्या वह्यांत सापडतील. आणि हे चालू असताना तुम्ही एक काम आजच हातात घ्या. फोटोरेकने काढलेल्या फाइलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात. शेकडो आवाज निनावी होऊन समोर येतील आणि हा आवाज कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या वर्षीचा, हे ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. वही घ्या आणि आठवतील त्या सगळ्या बायकांची नावं, गाव, वर्ष आणि त्यांनी गायलेल्या पहिल्या एक-दोन ओळी लिहायला लागा. पुतण्याला तो कंसातला बाइटचा आकडा मला कळवायला सांगा, पुढचं त्यावरून ठरवू.